नऊ अंशांचा उतार

मंगळवारी भरदुपारी आमचे हे विमानातली खुर्ची घेऊन घरी आले. लांब पल्ल्याच्या विमानात पुढच्या भागात, बिझनेस क्लासमध्ये, ज्या ऐसपैस खुर्च्या असतात ना, त्यातली एक, अख्खी, पायटेकणीसकट. चार माणसांनी ती जिन्याने दोन मजले चढवली, कारण लिफ्टच्या दारापेक्षा ती साडेतीन सेंटिमीटर रुंद निघाली. निघाली म्हणजे काय, यांना ते आठवडाभर आधीच माहीत होतं. लिफ्टचं दार मोजून झालं होतं, जिन्याचं वळण मोजून झालं होतं, आमच्या हॉलचा दरवाजाही मोजून झाला होता. बायकोला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मला एकच प्रश्न विचारला, सोफा कुठे ठेवू. मी म्हटलं, माझ्या डोक्यावर ठेवा. तर या माणसाने खरंच एकदा माझ्याकडे आणि एकदा सोफ्याकडे बघितलं, आणि मग सोफा गॅलरीत उभा करून ठेवला. तेहतीस वर्षं मी हे सहन करते आहे.

हे एका विमान कंपनीत सीट शॉपमध्ये आहेत. शॉप म्हणजे दुकान नव्हे, हँगरला लागून असलेली पत्र्याची एक लांबलचक शेड. विमानातून काढलेल्या खुर्च्या तिथे दुरुस्त होतात, तपासल्या जातात आणि परत जातात. तरुणपणी हे बसगाड्यांच्या सीटा वेल्डिंग करायचे, तिथून इथे आले ते आले. एकतीस वर्षांत जागा बदलली नाही, डबा बदलला नाही, मोजपट्टी तेवढी तीन वेळा बदलली. शॉपमध्ये यांना मिलिमीटर म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण एकदा कुणीतरी घरी फोन करून घाईघाईत "मिलिमीटर आहेत का?" असं विचारलं, आणि मीही "आंघोळीला गेलेत" म्हणून सांगून मोकळी झाले. मला विचारावंसुद्धा लागलं नाही, कोण ते.

बरं, हे शेडपुरतं असतं तर मी काही बोलले नसते. पण कुठेही जा, माणूस बसायच्या आधी खुर्चीखाली वाकणार. दातांच्या डॉक्टरकडे वाकले, बँकेत वाकले. माझ्या बहिणीकडे नवा सोफा आला तेव्हा सगळे कौतुक करत होते आणि आमचे हे जमिनीवर आडवे होऊन आतला स्क्रू बघत होते. उठले आणि म्हणाले, डाव्या बाजूला पाच मिलिमीटर कमी आहे. बहिणीने त्यानंतर आम्हाला वर्षभर बोलावलं नाही.

आणि यांचं मोजणं खोटं निघतं म्हणावं, तर तेही नाही. एका वर्षी एक अख्खं विमान यांनी चार तास थांबवून धरलं, कारण एका सीटच्या बोल्टवर यांना सही करायची नव्हती. त्या विमानात कंपनीचेच कुणी बडे बसले होते. बोल्ट खरोखरच तडकलेला निघाला, त्यामुळे नोकरी वाचली, पण बढती गेली ती गेलीच. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं त्यांची साहेब झाली. माझं त्यावरून पुष्कळ बोलून झालं आहे. भिंतीशी बोलले असते तर निदान पोपडे तरी पडले असते.

आता माझं सांगते, कारण ही खुर्ची घरात आली ती माझ्यामुळेच. मी बावीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होते. पलंगावरून घसरणाऱ्या पेशंटला वर ओढून घेताना एक दिवस माझ्या कमरेत कट्‌कन आवाज आला, आणि तिथे माझी नोकरी संपली. ऑपरेशन झालं. उभी राहते, चालते, आडवी पडते, पण बसणं चाळीस मिनिटांच्या वर नाही. एकेचाळिसाव्या मिनिटाला उजव्या पायातून अशी कळ निघते की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

आणि आमची एकुलती एक लेक राहते विमानाने चौदा तासांवर. साडेचार वर्षं तिला पाहिलेलं नाही. तिचे तिकडचे कागद अडकलेत, इकडे आली तर परत जाता येणार नाही. फोनवर दिसते, पण फोनवर लेक किती दिसणार? हनुवटी दिसते, नाहीतर छत दिसतं. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना मिळतं ते तिकीट मागच्या भागातल्या ताठ खुर्चीचं. त्यावर चौदा तास बसायचं म्हटल्यावर माझ्या डॉक्टरांनी हात जोडले. बिझनेस क्लासचं तिकीट विकत घ्यायचं तर राहतं घर विकावं लागलं असतं. यांना मी किती वेळा म्हटलं, अहो, तुम्ही एकटे जाऊन या, लेकीला बघून या. तर एकच उत्तर, गेलो तर दोघं जाऊ.

अशात कंपनीत एक गोष्ट सुरू झाली. त्यांच्याकडे अकरा जुनी विमानं आहेत. त्यातल्या पुढच्या खुर्च्या वीस वर्षांपूर्वीच्या, तेव्हा म्हणे फार भारी होत्या. बटण दाबलं की आडव्या होतात, पण पूर्ण सपाट होत नाहीत, पायाकडे उतरत्या राहतात. आता लोक नव्या विमानांत सपाट पलंगावर झोपायला शिकलेत, मग तक्रारी येणारच. तर या खुर्च्या आणखी चार वर्षं चालवायच्या की काढून टाकायच्या, याचं मूल्यमापन करायचं ठरलं. दोन साहेब येऊन प्रत्येकी दहा मिनिटं त्यात बसले, कॉफी प्यायले, छान आहे म्हणाले आणि गेले. खरा अहवाल द्यायचा होता यांना.

त्यातली आमच्या कामाची गोष्ट अशी की अहवालात खुर्ची चालण्यासारखी ठरली, तर पुढे एक चाचणीचा प्रवास होणार होता. खऱ्या विमानात, खऱ्या मार्गावर, मूल्यमापन करणारा माणूस आणि पाठीचा त्रास असलेली एक व्यक्ती, तीही कर्मचाऱ्यांच्या घरातली. मार्ग आमच्या लेकीच्या गावाचा. यांच्या मॅनेजरनी स्वतःहून माझं नाव घातलं. हे जूनअखेर निवृत्त होणार, त्यानंतर आमचा कंपनीशी संबंध संपला. म्हणजे दोघांनी मिळून लेकीला भेटायची ही एक संधी, पहिली आणि शेवटची. मी तर त्याच दिवशी लेकीला फोन करून बसले. ती रडली, मी रडले, आणि हे म्हणाले, आधी खुर्ची तर तपासू दे.

त्यासाठी ही खुर्ची घरात. भंगारात काढलेल्या एका जोडीतली अर्धी सोडवून, रीतसर गेटपास घेऊन आणलेली. शेडमध्ये का नाही तपासली? कारण शेड पाचला बंद होते, आणि बाहेरच्या माणसाला आत यायला बंदी. दहा मिनिटं किंवा दोन तास बसून कोणी चौदा तासांच्या प्रवासाबद्दल लिहू नये, असं यांचं म्हणणं. चौदा तासांच्या खुर्चीत चौदा तास काढले पाहिजेत, आणि ज्याची पाठ दुखते त्याने काढले पाहिजेत. म्हणजे मी.

गुरुवारी सकाळी सहाला मी त्या खुर्चीत बसले. हे शेजारी स्टुलावर, मांडीवर वही. बाथरूमला जायचं तर विमानात जितकी पावलं पडतील तितकीच चालायची, म्हणून मला स्वयंपाकघराला एक फेरी घालून जावं लागे. जेवण ट्रेवर. चहा कागदाच्या कपात, आणि तोही कोमट, कारण विमानात कोमटच मिळतो म्हणे. मी म्हटलं, मग एखादं रडणारं मूलही आणून बसवा मागे. त्यांनी ते वहीत लिहिलं की काय कोण जाणे, पण काहीतरी लिहिलं.

बटण दाबून खुर्ची आडवी केली. पहिली दहा मिनिटं वाटलं, स्वर्ग. मग मी सरकायला लागले. मी पाच फूट जेमतेम. माझे पाय शेवटच्या टेकणीपर्यंत पोचतच नव्हते, त्यामुळे मला थांबवणारं खाली काहीच नव्हतं. यांनी माझ्या खांद्याशी खडूने खूण केली होती. अर्ध्या तासाने मोजलं, तर खांदा अकरा सेंटिमीटर खाली. मी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन वर सरकायचे, परत अकरा. बावीस वर्षं पेशंटांना जे करताना पाहिलं तेच मी करत होते, फक्त मला वर ओढायला कोणी सिस्टर नव्हती.

दर अर्ध्या तासाला प्रश्न, दुखतंय का, कुठे, किती. मी प्रत्येक वेळी सांगितलं, नाही, छान आहे. पाचव्या तासाला पायात कळ सुरू झाली, तरी छान आहे. नवव्या तासाला मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटांवर वळ उठले, तरी छान आहे. लेकीकडे जायचं होतं मला. संध्याकाळी आठला मी स्वतःच्या पायाने उठले, ताठ चालत बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि टॉवेल दातात धरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा हे वही मिटून बसले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

शुक्रवारी अहवाल गेला. आडव्या स्थितीत नऊ अंश उतार, प्रवासी सतत खाली घसरतो, पाठीच्या रुग्णास अपाय होईल, लांबच्या प्रवासास अयोग्य. मला हे कळलं ते यांनी सांगितलं म्हणून नाही, यांच्या खिशातली प्रत धुवायच्या कपड्यात आली म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, मी एकदा तरी दुखतंय म्हटलं का? चौदा तासांत एकदा तरी?

"तू नाही म्हटलंस," हे म्हणाले. "पण मी बघत होतो ना."

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला बढती नको होती, नका घेऊ. बहिणीकडचं जेवण नको होतं, सोडा. पण लेक माझीही आहे, ती तुमच्या वहीत बसत नाही, असं बरंच काही. सोमवारी ऑफिसातून कळलं की जुनी विमानं महिन्याभरात लांबच्या मार्गावरून काढणार, आणि चाचणीचा प्रवास रद्द. लेकीला फोन मीच केला. ती म्हणाली, असू दे गं आई. ते असू दे मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं बंद. हॉलमध्ये मधोमध ती खुर्ची, कारण भंगारवाल्यांची गाडी पुढच्या आठवड्यात येणार होती. एका बाजूने मी जायचे, दुसऱ्या बाजूने हे. केर काढताना मी तिला झाडूचे दोन तडाखे जास्तच द्यायचे.

शनिवारी दुपारी खालच्या मजल्यावरची मुलगी वर आली. ती एअर होस्टेस आहे, दुसऱ्या एका कंपनीत. घरातली विमानाची खुर्ची सगळ्या बिल्डिंगची बघून झाली होती, तीच तेवढी राहिली होती. बघून पोट धरून हसली. मी चहा केला, तिच्यापुढे सगळं गाऱ्हाणं ओतलं, घसरण्याचंही सांगितलं. ती खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाली की काकू, वर हवेत एवढं घसरायला होत नाही. आमचे पाय बघा कसे झालेत, शेपटीकडून पुढे ट्रॉली ढकलत नेणं म्हणजे प्रत्येक वेळी चढ चढणं. विमान वर गेलं तरी नाक थोडं उचललेलंच ठेवतं.

ती चहा पिऊन गेली आणि मी तशीच उभी राहिले. दुसऱ्या कुणाला काही वाटलं नसतं, पण मी नर्स आहे. पेशंट पायाकडे घसरायला लागला की आपण काय करतो? पलंगाची पायाकडची बाजू उचलतो. बिझनेस क्लासच्या प्रवाशाचे पाय कुठे असतात? विमानाच्या नाकाकडे. आणि नाक वर.

हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. आठवडाभराने मी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले. "अहो, तो उतार तुम्ही कशावरून मोजला?"

जमिनीवरून, असं ते म्हणाले. मग पेपर खाली गेला. मग चष्मा काढला. या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी आयुष्यात दोनदा पाहिला, एकदा माझ्या ऑपरेशनच्या दिवशी आणि एकदा तेव्हा. एकतीस वर्षं यांनी खुर्च्या मोजल्या त्या शेडच्या सपाट लादीवर. खुर्चीबरोबर येणाऱ्या पुस्तकातला कोनही जमिनीपासूनचा. स्वतः विमानात बसले ते तीन वेळा, सगळ्यात मागच्या रांगेत, आणि तेव्हाही खुर्चीखालीच बघत बसले असणार. ज्या खुर्चीवर यांनी आयुष्य काढलं, तिच्यात हे हवेत कधी बसलेच नव्हते. शेडमधलं कुणीच बसलं नव्हतं. वरची माणसं वर, खालची माणसं खाली, आणि एकमेकांना विचारायचं कुणाला सुचलं नाही.

तासाभरात यांनी तीन जणांना फोन केले. सरळ उड्डाणात नाक साधारण तीन अंश वर असतं, हे नक्की झालं. म्हणजे नऊचे सहा. मला आनंद झाला म्हणू की राग आला म्हणू, दोन्ही झालं. एवढ्या मोजमापाच्या माणसाने तीन अंश सोडले, आणि सोडले तेही नेमके माझ्या लेकीच्या वाटेवरचे.

रविवारी सकाळी सहाला परत खुर्चीत. या वेळी खुर्चीच्या पुढच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे, रात्रीच कापून, घासून, मोजून ठेवलेले. परत कोमट चहा, परत स्वयंपाकघराची फेरी. पण खडूची खूण तासाभराने बघितली तर बोटभरही खाली नव्हती. दुपारी जेवण झाल्यावर मी डोळे मिटले ते जरा पडावं म्हणून. उघडले तेव्हा उन्हं कलली होती. मी सलग पाच तास झोपले होते. ऑपरेशननंतर मी कधी सलग तीन तास झोपलेली नाही. हे स्टुलावर तसेच बसले होते, पाय अवघडलेले, वही बंद. मी विचारलं, दर अर्ध्या तासाला प्रश्न का नाही विचारले? म्हणाले, झोपलेल्या माणसाला काय विचारायचं.

त्या संध्याकाळी मी सुखात होते. इतका साधा मामला होता. मी त्यांना पढवलं की उद्या ऑफिसात जा, फेरमोजणी केली म्हणून सांगा, नऊच्या जागी सहा लिहा, आणि खाली योग्य. झालं. पुढच्या महिन्यात आपण दोघं लेकीच्या दारात.

सोमवारी हे गेले आणि दोन ओळी लिहून आले. पहिला अहवाल चुकीचा आहे, चूक माझी आहे. आणि खाली असंही की याआधी याच पद्धतीने मी सत्तावीस अहवाल दिले आहेत, तेही चुकीचे असू शकतील.

मी कपाळावर हात मारून घेतला. सत्तावीस कुणी विचारले होते? मॅनेजर भला माणूस. त्याने यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, तो कागद परत घ्या, आकडा तेवढा बदलून द्या, बाकीचं माझ्यावर सोडा. यांनी नाही म्हटलं. मी म्हटलं, अहो, एकदा. आयुष्यात एकदा तरी थोडं वाकडं चाला. निवृत्तीला तीन महिने राहिलेत, कोण बघतंय?

तेव्हा हे बोलले, आणि सावकाश बोलले. "ही एक चूक लपवली, तर बाकीच्या सत्तावीस कोण शोधणार? त्यातल्या एखाद्या खुर्चीत तुझ्यासारखी कुणीतरी बसली असेल. किंवा माझ्यामुळे बसायची राहिली असेल."

खरं सांगते, मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला. न पटणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

पुढे व्हायचं तेच झालं. ऑफिसने अहवाल बदलला, खुर्ची योग्य ठरली, चाचणीचा प्रवास परत ठरला. माझं नाव कायम राहिलं. यांचं काढलं. ज्याने स्वतःच चूक कबूल केली त्याला मूल्यमापन करायला कसं पाठवणार, असा वरचा हुकूम. शिवाय ते सत्तावीस अहवाल पुन्हा तपासून निवृत्तीच्या आधी द्यायचे, तोवर एक दिवसाचीही रजा नाही. त्यांच्या जागी हाताखालचा एक इंजिनिअर, चुणचुणीत. मी म्हटलं, मग मीही जात नाही, गेलो तर दोघं जाऊ असं तुम्हीच म्हणायचात ना. तर म्हणाले, तू नाही गेलीस तर चाचणी कुणावर करणार? जसं काही मी विमान कंपनीचं भलं करायलाच जन्माला आले होते.

विमानतळावर सोडायला आले. मी धड बोलले नाही त्यांच्याशी. खरं तर बोलायला हवं होतं, पण तोंड उघडलं असतं तर तिथेच हंबरडा फुटला असता. त्यांनी माझी बॅग त्या इंजिनिअरच्या हातात दिली आणि त्याला बजावलं की दर अर्ध्या तासाला विचार, आणि ती छान आहे म्हणाली तर विश्वास ठेवू नकोस. मग मला म्हणाले, जपून जा. मी मान हलवली आणि आत गेले.

प्रवासाबद्दल काय सांगू? मी घसरले नाही. इंजिनिअरने फॉर्म पहिल्या पंधरा मिनिटांत भरून टाकला आणि तोंड उघडं टाकून झोपला, तो थेट उतरताना उठला. मी मात्र जागी होते पुष्कळ वेळ. शेजारून विमानातली एअर होस्टेस ट्रॉली ढकलत पुढे येताना दिसली की मला वाटायचं, हे इथे असते तर आत्ता काय काय लिहून घेतलं असतं. झोपेचे तास सोडले तर मी मनातल्या मनात यांच्याशी भांडत गेले. लेकीला काय काय सांगायचं त्याची यादीच केली होती, तुझा बाप असा, तुझा बाप तसा.

बाहेर आले तर लेक कठड्याशी उभी. आधी तिने मला घट्ट धरलं, कमरेला धक्का लागू नये म्हणून वरून वरूनच. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, दाराकडे. तिला सगळं फोनवर सांगून झालं होतं, बाबा येणार नाहीत हे तिला माहीत होतं, तरी गेली. एक एक माणूस बाहेर येत होता, आणि ती बघत होती. माझी ती सगळी यादी राहूनच गेली. मी एवढंच म्हटलं, त्यांनीच पाठवलं मला.

तेवढ्यात फोन वाजला. विमान उतरल्याची वेळ बघून बसले असणार. हॅलो नाही, पोचलीस का नाही, पहिला प्रश्न, घसरलीस का? मी म्हटलं, नाही. पायात कळ? नाही. झोप? लागली, चार तास. खरं सांगतेस ना? म्हटलं, खरं. मला वाटलं, झालं, आता फोन ठेवतील.

"कशी दिसते गं ती?" त्यांनी विचारलं.

मी लेकीकडे फोन द्यायला निघाले, तर म्हणाले, नको, तिला नंतर दे, आधी तू सांग, फोनवर मला नीट दिसत नाही. मी म्हटलं, चांगली दिसते. म्हणाले, असं नको. नीट सांग.

मग मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले आणि लेकीला समोर उभं केलं. सांगितलं की केस कापलेत, खांद्याच्या जरा वर. डोळ्यांखाली काळं आलंय, थोडं, डाव्या बाजूला जास्त. वजन चार-पाच किलोने कमी झालंय. कपाळावर तुमच्यासारखी आडवी आठी पडायला लागली आहे. एक बाही दुसरीपेक्षा वर गेली आहे. आणि रडते आहे, पण हसतेही आहे. पलीकडून कागदाचा आवाज आला नाही. लिहून घेत नव्हते, फक्त ऐकत होते.

"आणखी," ते म्हणाले.

मी आणखी सांगितलं.